जात्याला दोन हात

दिवाळीच्या आवराआवरीत कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती टाकायची, यावरून ज्या घरात एकदाही भांडण झाले नाही असे घर कोणी मला दाखवले, तर त्या घरच्या मंडळींना मी माझ्या पगारातून लाडू खाऊ घालीन. लाडू मोजकेच असतील, कारण मी बालवाडीची बाई आहे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही, आणि रात्री पोरे निजल्यावर ज्या कादंबऱ्या लिहिते त्यांच्या पैशांत अजून तरी घरी तुपाचा डबा आलेला नाही.

आमच्या घरी भांडण लागले ते जात्यावरून. गोष्ट २०१९ सालच्या दिवाळीची. नागपूरहून नैर्ऋत्येला निघालात की पंधरा-सोळा किलोमीटरवर आमचे हिंगणा लागते. वेणा नदीच्या काठचे हे गाव. तिथे आमचे जुने कौलारू घर आहे आणि मागल्या पडवीत सासूबाईंचे जाते आहे. कित्येक वर्षांत कोणी ते फिरवले नव्हते. पोरे त्याला सायकल टेकवीत, मांजर त्यावर ऊन खात असे. त्या वर्षी आमचे हे म्हणाले, "हा दगड आता काढून टाकू. जागा तरी मोकळी होईल."

सासूबाई कोपऱ्यात वाती वळीत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मले टाका आंदी, मंग जात्याले टाका."

एरवी या बोलण्यावर घर हसले असते. त्या दिवशी कोणी हसले नाही. कारण सांगायला हवे. त्याच पावसाळ्यात यांचा कारखाना बंद पडला होता. अठरा वर्षे ज्या फाटकातून आत गेले, त्याला एका सकाळी कुलूप दिसले. माझ्या तुटपुंज्या पगारावर चार-पाच महिने घर कसेबसे चालले. चुलीला लाकूड मिळते, उसनवारही मिळते. पण घरातले हसणे एकदा गेले की ते कोणत्या दुकानी मागायचे? ताट वाढले की आवाज व्हायचा तो भांड्यांचा. बालवाडीत चाळीस पोरांना टाळ्या वाजवून गाणी शिकवणारी मी, घरच्या उंबऱ्यात पाय ठेवला की मुकी होत असे.

जाते राहिले. पण त्या भांडणाने एक प्रश्न माझ्या मनात शिरला तो शिरलाच. आपल्या आज्या-पणज्यांनी याहून किती तरी जड दिवस काढले. मग त्यांच्या घरात हलकेपणा यायचा कोठून? लढायांचा इतिहास आपण पाठ करतो, तहांची कलमे लिहून काढतो; पण मराठी घर रोजच्या कामात हसले कसे, याचाही काही इतिहास असेलच की! मी इतिहासकार नव्हे. वाचनालयातून आणलेली पुस्तके आणि पडवीतले जाते, एवढ्या भांडवलावर जे हाती लागले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवते.

प्रथम जातेच घ्या. जाते म्हणजे दोन दगड. खालचा जागचा हलत नाही, वरचा फिरतो. मधल्या तोंडात मूठमूठ धान्य घालायचे आणि खुंटा धरून वरचा दगड फिरवायचा. एकटी बाई दळायला बसली की अर्धा फेरा तिला खुंटा आपल्याकडे ओढावा लागतो आणि उरलेला अर्धा फेरा तो पुढे ढकलावा लागतो. हात भरून येतात ते या ढकलण्याने. पण समोर दुसरी बाई बसली आणि तिनेही खुंट्याला हात घातला की गंमत होते. आपण ओढतो तेव्हा तिचा हात सैल असतो. ती ओढते तेव्हा आपला. एकीची ओढ तीच दुसरीची ढकल. दगड तेवढाच, धान्य तेवढेच, आणि तरी जाते हलके होते. सासूबाईंनी मला हे समजावून दिले तेव्हा माझ्या मॅट्रिकच्या शास्त्राच्या पुस्तकात हा पाठ का नव्हता, असे मला वाटून गेले.

या दोन हातांच्या मधे बसून ओवी जन्मली. ती किती जुनी? कल्याणीच्या चालुक्यांच्या घराण्यात तिसरा सोमेश्वर नावाचा राजा होऊन गेला. त्याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. हत्तीघोडे, औषधे, पक्वान्ने, खेळ, गाणे, नाच, राजाला ज्याची म्हणून हौस असते ते सारे त्यात आहे. संगीताविषयी लिहिताना राजाने एक साधी गोष्ट नोंदवून ठेवली, की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. राजवाड्यातल्या ग्रंथात आमच्या मुसळाचा आवाज शिरला तो असा! 'ज्ञानेश्वरी' १२९० सालची. म्हणजे ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगायला ओवी घेतली, त्याच्या दीडशे वर्षे आधीपासून ती बायकांच्या कामाला जुंपलेली होती. ग्रंथाची ओवी आणि जात्यावरची ओवी यांची चाल निराळी, हे खरे. पण नाव एकच आहे, आणि त्या नावाला पिठाचा वास आहे.

ज्ञानदेवांच्याच काळातली जनाबाई. गंगाखेडची पोर, पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. दळण, कांडण, झाडलोट, शेणगोवऱ्या हेच तिचे आयुष्य. तिच्या अभंगांतला विठ्ठल सिंहासनावर बसून नैवेद्याची वाट पाहणारा नव्हे. तो तिच्याबरोबर दळू लागतो, शेण वेचू लागतो. लहानपणी मला हा चमत्कार वाटे. आता वाटते, जनीने किती नेमके मागितले! 'माझे दळण कमी कर' असे ती म्हणाली नाही. दासीच्या समोर जात्याला दुसरा हात लावायला कोण बसणार? म्हणून तिने देवालाच समोर बसवले.

परंतु येथे थोडे सावध राहायला हवे. जुन्या काळची आठवण काढताना आपली जीभ फार गोड होते. जाते म्हणजे काही सण नव्हता. घराघरांत बाया पहाटे, उजाडण्याच्या कितीतरी आधी दळायला उठत. आदल्या दिवशीचा शीण उतरलेला नसे आणि पुढला दिवस तसाच उभा असे. ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठोबा आहे, तसा सासुरवासही आहे. जे सासूच्या तोंडावर बोलता येत नव्हते ते जात्याच्या घरघरीत बोलून टाकायचे, ही सोय ओवीत होती. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आमच्या सासूबाई रडल्या नाहीत. त्या हसत सांगायच्या, "डबा डोक्यावर घेतला आन् नाचत गेली मी गिरणीत!" त्यांचे काही हरवलेच असेल तर ते दळण नव्हे, समोर बसणारी जाऊ हरवली. गिरणीत दळण लवकर होते, पण गिरणीच्या आवाजात मनातले सांगता येत नाही.

जाती थांबू लागली आणि तेवढ्यात काही माणसांना जाग आली. साने गुरुजींनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या आणि १९४० साली 'स्त्रीजीवन' या नावाने त्या छापल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन हजारावर गावांतून ओव्या जमवल्या. एकूण आकडा एक लाखावर गेला. १९९० नंतरच्या दशकात त्यांतल्या काही हजार ओव्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून हा ठेवा लोकांपुढे येऊ लागला. एक लाख ओव्या! यांतल्या बहुतेक जणींना आपण कविता करतो आहोत हे ठाऊकही नसेल. त्या पीठ करीत होत्या.

तिकडे खानदेशात, आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. चूल, जाते, शेत, मोट ही कामे करता करता त्या गात. त्यांचे सुपुत्र कवी सोपानदेव यांनी ती गाणी कागदावर उतरून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. येथेही पाहा, आईच्या ओठांवरचे शब्द वहीत आले ते मुलाच्या हाताने. जात्याचा दुसरा हात पुन्हा भेटला!

आता स्वयंपाकघरातून ओसरीवर येऊ. ओसरीवर पुरुषमंडळी बसत आणि हसतही. पण मराठी माणूस स्वतःलाच हसायला शिकला तो अलीकडे, आणि ते शिकवण्याचा मान आमच्या विदर्भाकडे जातो हे सांगताना माझी मान थोडी ताठ होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली नागपुरात जन्मले. वकील झाले, आणि वऱ्हाडात खामगाव, जळगाव जामोद या बाजूला त्यांनी वकिली केली. १९०२ साली त्यांनी 'साक्षीदार' नावाचा विनोदी लेख लिहिला. कोर्टात रोज खोटे साक्षीदार पाहणाऱ्या वकिलाला विषय शोधायला लांब जावे लागले नसेल. पुढे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही तीन माणसे त्यांच्या लेखांतून वावरू लागली. तिघे मिळून आपल्या रूढी, सण, मुहूर्त, पत्रिका यांची जी काही फजिती करतात, ती वाचून आपण बंडूनानाला हसतो आणि हसता हसता आपलेच घर ओळखीचे वाटू लागते. 'सुदाम्याचे पोहे' या नावाने हे लेख १९१० मध्ये पुस्तकरूपाने आले तेव्हा त्यांना जोडनाव दिले होते 'अठरा धान्यांचे कडबोळे'. अठरा लेख म्हणून अठरा धान्ये. दिवाळीच्या ताटाला शोभेल असेच नाव!

पुढची पिढी रामराव गडकऱ्यांची, म्हणजे राम गणेशांची. कोल्हटकरांना ते गुरू मानीत. क्षयाने खंगलेल्या गडकऱ्यांचे शेवटचे दिवस आमच्याच जिल्ह्यात, नागपूरच्या उत्तरेला सावनेरला गेले. तेथेच २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ते वारले. त्या आजारातच त्यांनी 'भावबंधन' नाटक पुरे केले. ज्या नाटकातले धुंडिराज आणि कामण्णा प्रेक्षकांना पोट धरून हसवत आले, ते नाटक एका मरणाऱ्या माणसाने अंथरुणावरून संपवले, हे ध्यानात आले की 'हलके' हा शब्द मला वेगळाच वाटू लागतो. हलके म्हणजे सोपे नव्हे.

मग १९३० नंतर चिंतामण विनायक जोश्यांचा चिमणराव आला. जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते; त्यांचा चिमणराव मात्र पोटापुरता पगार मिळवणारा कारकून. बायको काऊ, पोरे, पाहुणे, आजारपणे, लग्ने, साहेबाची भीती हा त्याचा संसार. त्याने राज्य जिंकले नाही, देशासाठी तुरुंगात गेला नाही. महिनाअखेर गाठली हाच त्याचा पराक्रम. आणि प्रत्येक फजितीत त्याच्या बाजूला गुंड्याभाऊ दंड थोपटून उभा! गुंड्याभाऊमुळे चिमणरावाची संकटे कमी झाली असे कोणी म्हणू शकणार नाही. बऱ्याच वेळा ती वाढलीच. पण एकट्या चिमणरावावर आपल्याला रडू आले असते. सुदाम्याला बंडूनाना लागतो, चिमणरावाला गुंड्याभाऊ लागतो. ओसरीवरही जात्याचाच कायदा चालतो.

ज्या दिवाळी अंकातून तुम्ही हे वाचता आहात, त्याची परंपराही याच काळातली. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी घरात चिवड्याच्या डब्याशेजारी अंक येऊन बसला. वर्षभर जे घर पोटामागे धावते त्याने चार दिवस एकत्र बसून वाचावे आणि एकाने वाचलेले दुसऱ्याला हसत ऐकवावे, अशी ही सोय. दिवाळी अंक एकट्याने वाचून झाला तरी तो पुरता वाचल्यासारखा वाटत नाही, हा माझा अनुभव आहे.

परंतु ओसरीवरच्या या साऱ्या हसण्यात एक खोट मला नेहमी जाणवे. बंडूनाना हसत असताना आतून पोह्यांच्या बश्या कोण आणून देत होते? घरावर हसणारे सगळे पुरुष. आणि घर जिने उचलले तिला हसायला सवड नाही, लिहायला तर नाहीच. ही खोट भरून निघाली ती लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'नी.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. माहेर गोखल्यांचे, नाव मनकर्णिका. वडिलांना सोवळ्याचे वेड. बाहेरून आलेले धान्यसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायचे नाही, मग पोरांची गत काय सांगावी! अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक कवी, विद्वान, आणि संसाराच्या दृष्टीने वाऱ्याची झुळूक. हातात पैसा टिकायचा नाही, एका गावी पाय टिकायचा नाही, घरी न सांगता कोठे निघून जातील त्याचा नेम नाही. काही काळ हे बिऱ्हाड आमच्या नागपुरातही होते. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळक तेथे ग्रंथांचे काम करीत. मग १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ही बातमी म्हणजे आभाळ कोसळणे होते. पदरात लहान मुलगा, नवरा असून नसल्यासारखा, नातेवाइकांच्या दारात दिवस काढायचे. चार-पाच वर्षे अशी गेल्यावर त्या मुलाला घेऊन नवऱ्याकडे गेल्या. पुढे, १९०० साली, स्वतःच्या विचाराने त्यांनीही तो धर्म स्वीकारला. टिळक १९१९ साली वारले. लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे नेऊन पुरे केले.

या बाईने रडकथा लिहिली असती तर कोणी नाव ठेवले असते? पण वडिलांच्या चरित्रासाठी मुलाने, देवदत्तांनी, आठवणी लिहायला सांगितल्या तेव्हा त्यांनी जे लिहिले, त्यात वाक्यावाक्याला घर उजळते. १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' भागाभागांनी प्रसिद्ध झाली. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. लिहायला-वाचायला लग्नानंतर नवऱ्याने शिकवले. म्हणूनच की काय, त्या लिहीत नाहीत, समोर बसून बोलतात. वडिलांचे सोवळे सांगतात तेव्हा आपल्याला हसू फुटते, आणि हसता हसता त्या घरच्या बायकांचा जीव कसा मेटाकुटीला आला असेल ते कळते. टिळकांच्या विसराळूपणाला, उदारपणाला, रागालोभाला त्या हसतात. पण टिळकांना कमी करीत नाहीत. सर्वांत जास्त हसतात त्या स्वतःला: स्वतःच्या भित्रेपणाला, अडाणीपणाला, सोवळ्याओवळ्याच्या धडपडीला. दुःख लपवीत नाहीत आणि त्याची आरतीही ओवाळीत नाहीत. घरात दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होतात, म्हणून पानावरही त्या शेजारी शेजारी बसतात.

कोल्हटकरांचे हसणे बुद्धीचे आहे, जोश्यांचे दयेचे. लक्ष्मीबाईंचे हसणे पिठाने भरलेल्या हातांचे आहे. त्या कामात आहेत, कामातून मान वर करून आपल्याशी बोलतात आणि पुन्हा कामाला लागतात. येथे जाते आणि पुस्तक एक झाले. मुलाने मागितले म्हणून आईने लिहिले. म्हणजे समोर ऐकणारा बसला तेव्हा उभ्या जन्माचा जड दगड फिरू लागला.

आता आमच्या गावाकडे परत येते. शेतात भलरी होती, मोटेवर गाणी होती, जात्यावर ओवी होती. कारखान्यात काय? नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि खेड्यातला माणूस भोंग्यावर उठू लागला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे हिंगण्याच्या वाटेवर कारखान्यांची वसाहत वाढली, आणि आमच्या भागातल्या घराघरांत पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी हे शब्द तिथी-वारांसारखे रुळले. यंत्राच्या आवाजात गाणे ऐकू येत नाही. म्हणून कामगाराचे हसणे डब्याच्या सुटीत गेले. हे सांगायचे: एकाचा डबा उघडला की दहा जणांचे हात त्यात. कोणाच्या बायकोने भाजीत मीठ विसरले, कोणाच्या डब्यात आदल्या रात्रीचे भांडण दिसते, यावर अर्धा तास कसा जाई ते कळत नसे. माझ्या पाटवड्यांची तेथे ख्याती होती म्हणे. मला त्यातली एकही परत आलेली आठवत नाही.

कारखाना बंद झाला तेव्हा पगार गेला हे मला दिसत होते. तो अर्धा तास गेला हे मला दिसले नव्हते. घरी त्यांना जेवायला मिळत होते. पण समोर बसणारे दहा जण गेले होते, आणि मी त्यांच्यासमोर बसत होते ती हिशेबाची वही घेऊन. इतिहास वाचायचा फायदा एवढाच, की आपल्या घरातली गोष्ट आपल्याला उशिरा का होईना कळते.

मी ती कळून काही केले असे मात्र नव्हे. केले ते सासूबाईंनी. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्यांनी जाते धुऊन घेतले, हळदकुंकू वाहिले, हरभऱ्याचा डबा पुढे ओढला आणि मुलाला हाक मारली. "बापू, इकडं ये. बस अथीसा."

"मी काहून?"

"माहा हात दुखते. डाय भरडाची हाये."

"तिला सांग ना."

"ते शाळेतून आली आत्ताच. तू रिकामाच हायेस ना?"

'रिकामा' हा शब्द आम्ही चार-पाच महिने घरात उच्चारला नव्हता. मी दारात गोठून उभी राहिले. म्हातारीने तो सहज टाकला, हरभऱ्याची मूठ जात्यात टाकावी तसा. हे क्षणभर आईकडे पाहत राहिले आणि मग मांडी घालून समोर बसले. अठरा वर्षे यंत्र चालवलेला माणूस; पण जाते काही त्यांचे ऐकेना. ते नेमके त्यांच्या आईच्या उलट ओढीत. दगड मधेच अडे, हरभरे बाहेर उडत, मांजर पळाले. पोरे धावत आली आणि एकच हसू उसळले. "पोट्टेहो, दात नोका काढू," असे म्हणत सासूबाईच जास्त हसत होत्या. हळूहळू लय जमली. आणि मग, कित्येक वर्षांनी, त्या गाऊ लागल्या. ओवी जुनी नव्हती, तिथल्या तिथे जुळवलेली होती. सून शाळेत शिकवते, लेक घरी डाळ भरडतो, आणि विठोबा म्हणतो की या घरी मला काम उरले नाही, असा काहीसा तिचा अर्थ. यांनी खुंटा धरलेल्या हातावर कपाळ टेकले. हसत होते की काय करीत होते, ते मी पाहिले नाही. मी खाली बसून उडालेले हरभरे वेचायला लागले.

त्या दिवाळीला आमच्याकडे फराळ थोडा झाला. बेसनाचे लाडू मात्र घरच्या डाळीचे होते. पाडव्याला गायगोधनाच्या दिवशी गोवारी मंडळी नाचत आली, तेव्हा हे त्यांच्याबरोबर वेशीपर्यंत गेले आणि अंधार पडल्यावर परतले. पुढल्या वर्षी त्यांना दुसरीकडे काम लागले. पगार पहिल्यापेक्षा कमी आहे. डब्याच्या सुटीत आता चौघेच असतात, पण पाटवड्या अजूनही परत येत नाहीत.

सासूबाई २०२२ साली गेल्या. शेवटपर्यंत दिवाळीआधी एक दिवस जाते फिरायचे हा त्यांचा नेम होता, तो आम्ही सोडला नाही. डाळ बाजारात मिळते, बेसन पुड्यात मिळते. जात्याची गरज आम्हाला उरलेली नाही. तरी त्या दिवशी हे एका बाजूला बसतात आणि दुसऱ्या बाजूला आमची मुलगी. ओवी तिला येत नाही, म्हणून ती शाळेतल्या गमती सांगते, आणि बापलेक त्या नादात डाळीचा भरडा करून टाकतात. मी ओरडते. माझे ओरडणेही त्यांनी आता गाण्यात धरले आहे.

वाचकहो, तुमच्या घरी जाते नसेल. पण करंज्यांची कड मुरडायला, चकलीचा सोऱ्या धरायला, निदान माळ्यावरचा डबा खाली घ्यायला दुसरा हात लागतोच. या चार दिवसांत तो कोणाकडे तरी मागून पाहा. शक्यतो अशाकडे, जो घरात काही दिवस गप्प गप्प आहे. काम थोडे बिघडेल. आमच्याकडे तर दर वर्षी बिघडते, आणि त्या बिघडलेल्या डाळीचे लाडू सर्वांत आधी संपतात.